बकेट खाली न ठेवता

आमच्या गावात पंगत बसली की वरणाची बकेट माणिकरावांच्या हातात असायची. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. माणिकराव अठरा-एकोणीस वर्षांचे असताना कुणाच्या तरी लग्नात वाढणारा एक जण ऐनवेळी आला नाही, म्हणून त्यांनी बकेट उचलली, आणि पुढची चाळीस वर्षं ती त्यांच्याकडेच राहिली.

गाव पोखर्णीच्या रस्त्याला, दीड-दोनशे घरांचं. माणिकराव परभणीच्या कृषी विद्यापीठात मजूर होते. सायकलवर जायचे, सायकलवर यायचे. घरची चार एकर जमीन त्यांची बायको सुलाबाईच बघायची. माणिकराव बोलायला फार कमी. चार माणसांत बोलायची पाळी आली की डोक्यावरची टोपी काढायचे, झटकायचे, परत घालायचे आणि तेवढ्यात दुसरं कुणीतरी बोलून मोकळं व्हायचं. पण एका हातात बकेट आणि दुसऱ्या हातात वगराळं, म्हणजे वरण वाढायचा तो लांब दांड्याचा खोल डाव, आलं की हा माणूस वेगळाच दिसायचा. चाल बदलायची. ओळीत कोण कसं जेवतं हे त्यांना पाठ होतं. तानुबाईच्या तोंडात दात नाहीत, तिला भात भिजून सैल झाला पाहिजे. नवी सून लाजून पानावर हात आडवा धरते, तिथं वगराळं घेऊन क्षणभर थांबायचं, हात आपोआप बाजूला होतो. कुणाच्या घरी तीन दिवसांपूर्वी भांडण झालं आणि दोन भाऊ एकाच ओळीत बसलेत, तर दोघांना सारखंच वाढायचं, एका थेंबाचाही फरक नको. हे सगळं ते बोलून दाखवत नसत. मी त्यांच्या शेजारचा, त्यांच्या हातचं वरण खाऊन वाढलेला, म्हणून मला ठाऊक.

नोकरीतून सुटून वर्षही झालं नव्हतं तेव्हा एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. नांदेडला नेलं. एक रक्तवाहिनी तुंबली होती, तिथं स्टेंट टाकला. घरी सोडताना डॉक्टरांनी पुष्कळ गोष्टी सांगितल्या. गोळ्या चुकवू नका, तंबाखू बंद, रोज चाला, तेल-मीठ कमी, हळूहळू ताकद वाढवा, आणि वजन चौऱ्याऐंशी किलो आहे ते बहात्तरवर आणा. यातलं घरच्यांच्या डोक्यात राहिलं ते शेवटचं. आकडा लक्षात ठेवायला सोपा असतो.

त्यांची मुलगी वैष्णवी परभणीत राहते. औषधशास्त्र शिकलेली, एका मेडिकलवर काम करते. तिनं बापाच्या जिवाची इतकी धास्ती घेतली होती की पुढच्याच आठवड्यात ती काचेचा वजनकाटा घेऊन आली. भिंतीवर एक तक्ता चिकटवला. रोज सकाळी वजन करायचं, तक्त्यावर लिहायचं आणि तिला मोबाईलवर कळवायचं. माणिकराव विद्यापीठात तीस वर्षं हुकूम पाळत आले होते, त्यांनी हाही पाळला. तीन भाकरींची एक झाली. संध्याकाळी नुसती ताकाची वाटी. शेंगदाण्याची चटणी, डाळ, सगळंच त्यांनी भीतीपोटी कमी केलं. चालायचे मात्र जेमतेम, कारण चाललं की दम लागायचा आणि दम लागला की नांदेडचा तो पलंग आठवायचा.

वजन उतरत गेलं. ऐंशी, अठ्ठ्याहत्तर, पंच्याहत्तर. एखाद्या दिवशी दोनशे-तीनशे ग्रॅम वाढलेलं दिसलं की माणिकराव रात्री ताकही घ्यायचे नाहीत. दीड वर्षात आकडा बहात्तरवर आला तेव्हा वैष्णवीनं पेढे आणले, ते माणिकरावांनी खाल्ले नाहीत. गावातले लोक म्हणायचे, लय उतरलाव की. कुणी ते कौतुकानं म्हणायचं, कुणी काळजीनं.

गेल्या वैशाखात नागनाथच्या बहिणीचं, ऋतिकाचं लग्न होतं. नागनाथ म्हणजे आमच्याच गल्लीतला, तिशीतला शेतकरी पोरगा. हल्ली परभणीच्या मंगल कार्यालयांत लोक ताट हातात घेऊन उभ्यानं जेवतात, पण नागनाथनं मांडव दारात घातला आणि पंगती बसवल्या. पहिली पंगत वऱ्हाडाची. माणिकराव नेहमीसारखे उठले आणि त्यांनी वरणाची बकेट उचलली. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

पहिली दहा पानं नीट गेली. अकराव्या-बाराव्याला मांड्या थरथरायला लागल्या. मी समोरच्या ओळीत पुऱ्या वाढत होतो, मला ते दिसलं, पण मला वाटलं उन्हानं होत असेल. पंधराव्या पानावर ते वाकले आणि उठताना त्यांचा तोल गेला. बकेट कलंडली. वरण वैजीनाथ पाहुण्यांच्या, म्हणजे नवरदेवाच्या चुलत्याच्या, पानावर आणि धोतरावर सांडलं. भाजलं नाही, वरण कोमट होतं. वैजीनाथही भला माणूस, तो म्हणाला, काही न्हाई झालं. पण सगळी ओळ जेवायची थांबून बघायला लागली.

नागनाथ धावत आला. त्यानं अगदी आदबीनं बकेट काढून घेतली.

"काका, द्या इकडं. तुमी बसा आता. लय वर्षं वाढलंत."

त्यांना मांडवाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, जिथं गावातले सगळ्यात म्हातारे लोक बसले होते. कुणीतरी चहा दिला. माणिकरावांनी तो हातात धरला, प्यायला नाही. थोड्या वेळानं मी पाहिलं तर खुर्ची रिकामी होती.

त्यानंतर त्यांनी पंगतीला जाणंच सोडलं. लग्न असलं की सकाळी जाऊन आहेर करायचे आणि अक्षतांच्या आधी परत यायचे. बारसं, तेरवी, कुठंच नाही. सुलाबाईनं विचारलं तर म्हणायचे, पोट बरं न्हाई. काट्यावर मात्र रोज उभं राहायचे. एकाहत्तर. सत्तर. वैष्णवीचा फोनवर अंगठा यायचा.

दिवाळीला वैष्णवी माहेरी आली आणि तक्ता बघून खूश झाली. सुलाबाई चुलीपुढं बसली होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "वजन उतरलं गं, पण माणूस बी उतरला." मग तिनं लेकीला लग्नातली सगळी हकिगत सांगितली. वैष्णवीला यातलं काहीच माहीत नव्हतं. बाप रोज आकडा कळवत होता, बाकी काही नाही, आणि तिनंही बाकी काही विचारलं नव्हतं.

पाडवा झाल्यावर ती आईवडिलांना परभणीला घेऊन गेली. वसमत रोडला धम्मशीला नावाच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंचा लहानसा दवाखाना आहे. तिथं लकवा झालेले, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले लोक व्यायाम शिकायला येतात. वैष्णवीच्या मेडिकलवर त्यांचं येणं-जाणं होतं. माणिकरावांनी बरोबर तक्ता गुंडाळी करून आणला होता. तो त्यांनी टेबलावर पसरला. धम्मशीलाबाईंनी तो पूर्ण वाचला, दीड-दोन वर्षांचे सगळे आकडे, आणि मग बाजूला ठेवला.

"काका, एवढं मनावर घेऊन केलंत, हे सोपं नाही. आता मला सांगा, अंगात ताकद आली तर तुम्हाला काय करायचंय?"

माणिकरावांना प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, डॉक्टर म्हणतील तसं. बाई म्हणाल्या, डॉक्टरांचं मी डॉक्टरांना विचारते, तुम्हाला विचारतेय. माणिकरावांनी टोपी काढली, झटकली. पण या वेळी मध्येच कुणी बोललं नाही. सुलाबाईच्या ओठावर आलेलं होतं, पण तीही थांबली. शेवटी तेच बोलले.

"हसू नका."

"नाही हसत."

"मला पंगतीत वरण वाढायचंय. एक अख्खी ओळ. बकेट खाली न ठेवता."

बाई खरंच हसल्या नाहीत. त्यांनी वही उघडली आणि एकेक विचारायला सुरुवात केली. ओळीत किती पानं? साठ-बासष्ट. बकेट किती लिटरची? दहाची, पण पाऊण भरायची. दोन पानांत अंतर किती? वाकताना कोणता पाय पुढं? माणिकरावांनी इतकी वर्षं कुणाला न सांगितलेली सगळी माहिती त्या दिवशी सांगितली. मग बाईंनी कोपऱ्यातली रिकामी बादली त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, दाखवा. माणिकरावांनी दवाखान्याच्या फरशीवर वाढून दाखवलं. बाजूला खांद्याला शेक घेत बसलेला एक माणूस बघतच राहिला.

त्या दिवशी बाईंनी दोन-तीन गोष्टी मोजल्या. खुर्चीवरून हात न टेकता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं: सात वेळा. पाच लिटर पाणी घेऊन किती पावलं: बावीस, मग हात भरून आला. त्यांनी सांगितलं की नुसतं खाणं तोडून वजन उतरलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, काकांचं तेच झालंय. नांदेडच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांनी काही सुरू केलं नाही. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी होकार दिला, छातीत भरून आलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबायचं अशी ताकीद दिली. मग बाईंनी नव्या फाईलवर, जिथं वजन लिहितात त्या जागी, लिहिलं: एक ओळ, बासष्ट पानं, बकेट खाली न ठेवता. मुदत पाच महिने. चैत्रात आमच्या गावात हनुमान जयंतीचा सप्ताह संपतो तेव्हा काल्याची पंगत बसते, तोवर.

सुरुवात अगदी साधी होती. सकाळी खाटेवरून दहा वेळा उठायचं-बसायचं, सकाळ-संध्याकाळ देवळापर्यंत चालायचं. वाकताना पाठीची कमान करायची नाही, खुब्यातून वाकायचं, मागं पाटावर बसतो तसं. आणि खायचं. दोन भाकरी, वाटीभर घट्ट डाळ, दही, मूठभर शेंगदाणे. जेवणाचं ऐकून सुलाबाईनं त्याच दिवशी डाळ शिजत टाकली.

तीन आठवड्यांनी बकेट आली. ओळ कुठून आणायची हा प्रश्न माणिकरावांनीच सोडवला. घरामागं सुलाबाईनं वांगी लावली होती, सव्वीस झाडं, एका रांगेत. माणिकरावांनी बकेटीत तीन लिटर पाणी घेतलं आणि वगराळ्यानं एकेका झाडाला वाढायला सुरुवात केली. वाकायचं, वाढायचं, उठायचं, एक पाऊल सरकायचं. पहिल्या दिवशी नऊ झाडं झाली.

आमच्या गावात अशी गोष्ट लपून राहत नाही. कुंपणाजवळ लोक थांबायला लागले. टेम्पो चालवणारा पप्पू एकदा म्हणाला, "काका, वांग्याला भात कवा वाढायलाव?" माणिकरावांनी त्याच्याकडं न बघता पुढच्या झाडाला पाणी घातलं. सुलाबाईही तोंडाला पदर लावून हसायची, पण पुढच्या आठवड्यात तिनं न सांगता मिरचीची रोपं आणून तीच रांग वाढवली.

पौषात त्यांनी घाई केली. चौतीस झाडं झाली होती, अंगात हुरूप होता, म्हणून एके दिवशी बकेट काठोकाठ भरून घेतली. पंचविसाव्या झाडापाशी कंबरेत लचक भरली. चार दिवस खाटेवर पडून होते. त्या चार दिवसांत ते पुन्हा म्हणायला लागले की आपलं वय झालं, नागनाथ बोलला ते काही खोटं न्हाई. सुलाबाईनं धम्मशीलाबाईंना फोन लावून मोबाईल सरळ त्यांच्या कानाला लावला. बाई रागावल्या, पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी विचारलं, चाळीस वर्षं बकेट कोणत्या हातात धरली? डाव्या, माणिकराव म्हणाले. कधीच बदलली नाही? नाही. मग बाईंनी त्यांना हात बदलायला सांगितला. दहा झाडं या हातानं, दहा त्या हातानं. एवढी साधी गोष्ट, पण माणिकरावांना ती जवळजवळ अपमानासारखी वाटली. डाव्या हातानं वाढणं बरं दिसत नाही, ते म्हणाले. बाई म्हणाल्या, सराव झाडांवर करा, झाडं काही म्हणत नाहीत. खांदे आणि कंबर दोन्ही बाजूंनी तयार होऊ द्या. पंगतीत काय करायचं ते पंगतीत बघा.

ते पुन्हा तीन लिटरपासून सुरू झाले.

माघात वैष्णवी आली आणि तिनं सवयीनं काटा काढला. त्र्याहत्तर किलो. तिचा चेहरा उतरला. तिनं आईला विचारलं, बाबांना किती खायला घालतेस? मग बापाकडं वळून म्हणाली की एवढं कष्टानं कमी केलेलं असं वाया घालवायचं का. माणिकराव काट्यावरून खाली उतरले. मुलीला उलट बोलायची त्यांना सवय नव्हती.

"वैशू, सत्तर किलो होतो तवा हातपाय गळाले होते. आता तीन किलो वाढलंय अन् चव्वेचाळीस झाडांना वाढतो, दम बी लागंना. आता तूच सांग, तक्त्यावर काय लिवायचं?"

वैष्णवीनं काटा उचलून खाटेखाली सरकवला. तिनं दुसऱ्या दिवशी रक्तदाब बघितला, नांदेडच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ठीक असल्याचं सांगितलं, पंच्याहत्तरच्या पुढं जाऊ देऊ नका एवढंच म्हणाले. निघण्याआधी तिनं भिंतीवरचा तक्ता काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूनं परत चिकटवला. वर दोन रकाने आखले: झाडं, लिटर. तिथून पुढं तिच्या मोबाईलवर सकाळी 'सेहेचाळीस, साडेपाच' असे निरोप जायला लागले.

चैत्र पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी काला झाला. मारुतीच्या देवळासमोर ताडपत्रीच्या सावलीत ओळी बसल्या. वैष्णवी मुद्दाम आली होती आणि पहिल्या ओळीच्या शेवटाकडं, बायकांत, तानुबाईच्या शेजारी बसली होती. नागनाथ वरणाच्या पातेल्याजवळ उभा होता. माणिकराव समोर येऊन उभे राहिले. मग नागनाथनं स्वतःच बकेट पाऊण भरली आणि त्यांच्या हातात दिली. तो फक्त म्हणाला, "मी पुढं भात वाढत जातो, काका."

मी तिसऱ्या ओळीत भाजी वाढत होतो, पण माझं सगळं लक्ष तिकडंच. वीस पानं गेली. तीस गेली. पस्तिसाव्या पानाच्या सुमारास त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. ते थांबले. बकेट खाली जाईल असं मला वाटलं. पण त्यांनी श्वास घेतला आणि बकेट उजव्या हातात घेतली, वगराळं डाव्यात. डाव्या हातानं वाढलेलं कुणाला आवडेल की नाही, हा प्रश्न त्यांना पडला असावा, कारण पुढच्या पानावर ते क्षणभर वाकलेच नाहीत. पान एका म्हाताऱ्याचं होतं. त्यानं वर बघितलं आणि पान जरा पुढं सरकवलं. बस्स. आठ-दहा पानं तशीच झाली, मग बकेट पुन्हा डाव्या हातात आली.

तानुबाईजवळ ते पोचले तेव्हा त्यांनी न विचारता तिच्या भातावर तीन वगराळी ओतली आणि थांबून तिला कालवू दिलं, मग अजून अर्धं घातलं. वैष्णवीनं ते शेजारून पाहिलं. बाप वाढतो हे तिला लहानपणापासून माहीत होतं, पण सासरी गेल्यापासून अशी त्यांच्यासमोर पानावर ती बसलीच नव्हती. नंतर ती मला म्हणाली की बाबा पुन्हा ओळखीचे वाटले.

बासष्ट नाही, त्या दिवशी ओळीत सहासष्ट पानं होती. शेवटचं पान झालं तेव्हा बकेटीत तळाला थोडं वरण उरलं होतं. लोकांनी टाळ्याबिळ्या काही वाजवल्या नाहीत, सगळे जेवत होते. दुसऱ्या फेरीला माणिकरावांनी पप्पूला हाक मारली आणि बकेट त्याच्याकडं दिली. कुणी मागितली नव्हती, कुणी काढून घेतली नव्हती. मग ते नळावर जाऊन हातपाय धुवून आले आणि पुढच्या पंगतीत मधोमध जेवायला बसले. त्यांनी दोनदा भात घेतला.

पुढच्या आठवड्यात माणिकराव आणि सुलाबाई धम्मशीलाबाईंना सांगायला परभणीला गेले. मीही बाजारच्या कामानं बरोबर होतो, म्हणून पुढचं माझ्यासमोर झालं. बाईंनी फाईलवरच्या त्या ओळीपुढं तारीख लिहिली आणि विचारलं, आता पुढं काय? माणिकराव खुलले होते. पोखर्णीच्या नरसिंहाच्या देवळात मोठी पंगत बसते, तिथं दोन ओळी, असं ते सांगायला लागले. सुलाबाई त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर धरून बसली होती. ती म्हणाली, "त्यांचं ऱ्हाऊ द्या. आता माजं लिवा."

माणिकराव तिच्याकडं बघायला लागले. तिचे गुडघे सहा-सात वर्षांपासून दुखतात हे सगळ्यांना माहीत होतं, पण ती त्याबद्दल कधी बोलली नव्हती. तिनं सांगितलं, माहेर चारठाण्याचं. तिथं जुनी बारव आहे, दगडी पायऱ्यांची. लहानपणी ती आणि तिच्या मैत्रिणी खालपर्यंत धावत उतरायच्या. आता माहेरी गेलं की ती वरच्या कठड्याशी उभी राहते, बाकीच्या बायका उतरून येतात, आणि ती त्यांच्या चपला सांभाळते. तिला एकदा खाली उतरायचंय आणि कुणाचा हात न धरता वर यायचंय.

बाईंनी नवी फाईल काढली. पायऱ्या किती आहेत, त्यांनी विचारलं. सुलाबाईला ते सांगता येईना. तिनं पिशवीतून मोबाईल काढला आणि चारठाण्याला भावाला, महारुद्रला, फोन लावला. तो शेतात होता. त्याला दोनदा सांगावं लागलं. मग पलीकडून त्याचा आवाज आम्हा सगळ्यांनाच ऐकू आला.

"अगं पण मोजायच्या म्हणजे मलाच उतरावं लागंल की."

"मग उतर," सुलाबाई म्हणाली. "आमी हितंच बसलाव."